सॅमनसाठी किलकिलं दार

मला पाण्याची भीती वाटते. नदीच्या मुखात खारं पाणी किती आत शिरेल याचं गणित मांडून पोट भरणाऱ्या बाईने असं म्हटलं की लोक हसतात. हसू देत. त्यांच्या सहीने दार उघडत नाही.

नेदरलँड्समध्ये, नदी समुद्राला मिळते तिथे, पुराच्या धसक्याने बांध घालून मोठाली दारं बसवली आहेत. आत गोडं पाणी, बाहेर खारं. माणसं निर्धास्त झाली, सॅमनची वाट मात्र बंद. हा मासा समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला नदीत वर, पार जर्मनीपर्यंत जातो. म्हणून आता भरतीच्या वेळी दारं जरा किलकिली ठेवायची, असं सरकारने ठरवलंय. अट एकच: खारं पाणी ठरलेल्या रेषेपलीकडे जाता कामा नये. पलीकडे बटाट्या-कांद्याची शेतं आहेत आणि गावांचं पिण्याचं पाणी आहे. एकदा जरी मीठ तिथे पोचलं तर शेतकरी पुन्हा ‘हो’ म्हणायचे नाहीत आणि दार कायमचं बंद होईल. ते किती उघडायचं हा आकडा मी काढते.

“माझा सर्व्हर पडला तर मी परत उठवतो,” आयटीतला माझा नवरा म्हणतो. “तुझी नदी खारट झाली तर?”

“गप्प जेव,” मी म्हणते. पण उठून आकडा पुन्हा तपासते.

मागच्या सप्टेंबरात नदीला पाणी बेताचंच होतं. ट्रान्समीटर लावलेली एक सॅमन मादी दाराबाहेर घुटमळत होती. तिच्यासारख्या बिनट्रान्समीटरच्या आणखी किती, देव जाणे. भरतीला दाराशी यायची, फिरायची आणि परत जायची. दार उघडं असताना ही बया आत का येत नाही, म्हणून बैठक बोलावली.

इथल्या बैठकीला सगळे लागतात. बॉस, दारं चालवणारा, पाणीपुरवठ्याची बाई आणि रेषेपलीकडच्या शेतकऱ्यांचा पुढारी, सगळे एका टेबलाशी. कॉफीबरोबर एकच बिस्किट मिळतं, पण मत सगळ्यांनी द्यायचंच. बॉसलाही अरे-तुरे करायचं. माझ्या तोंडून अजूनही ‘सर’ निसटतं.

दारं चालवणारा सहज बोलून गेला, “कळवतात त्यापेक्षा मी थोडं कमीच उघडतो. खबरदारी म्हणून.”

बॉस चपापला. “अरे, मी तिचा आकडा आधीच कमी करून पाठवतो!”

आणि मी? मी तर मुळातच भरपूर राखून आकडा देत होते. घरात तिघींनी एकमेकींना न विचारता आमटीत मीठ टाकावं, तशी आम्ही तिघांनी खबरदारी टाकली होती. कागदावर दार उघडं होतं. प्रत्यक्षात फट होती, आणि तीही नावाला.

“मी दारासाठी हो म्हटलं होतं,” शेतकरी म्हणाला. “फटीसाठी नाही. खबरदारी एकदाच घ्या. एकाच माणसाने घ्या.”

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. अगं बाई! इतके दिवस माझ्या मागे दोन माणसांची भीती उभी होती, हे मला माहीतही नव्हतं. आता ती काढून घेतली.

दोन दिवसांनी माझ्याच आकड्याने दार उघडलं. मी रेषेवरच्या लाकडी धक्क्यावर उभी राहून खारेपणा मोजणारा मीटर तळाशी सोडला. खारं पाणी जड, ते खालूनच सरपटत येतं. मागच्या शेतांतून तो शेतकरीही चालत आला. नुसता मान हलवून शेजारी उभा राहिला.

वारा अंदाजापेक्षा जोरात, समुद्राकडून सुटला. मीटरवरचा आकडा चढू लागला. दारावरून फोन आला, “मादी दाराशी आहे. बंद करू का?”

काय सांगू? हो म्हटलं तर मासा बाहेर. नाही म्हटलं आणि चुकलं तर या माणसाचं शिवार, गावांचे नळ, आणि पुढच्या सगळ्या माशांची वाट, सगळंच गेलं. आकडा चढत होता, पण आधीपेक्षा हळू, आणि भरती सरत आली होती. गणित म्हणत होतं, थांब. जीव म्हणत होता, कर बाई बंद.

“थांब,” मी म्हणाले.

आकडा मर्यादेच्या जेमतेम खाली येऊन अडला. तिथेच रेंगाळला मेला. मग उतरू लागला. मी धक्क्यावर मटकन बसले आणि चक्क रडले. शेतकऱ्याने कोटातून रुमाल काढून दिला. तेवढ्यात पुन्हा फोन. मादी आत आली होती. पलीकडे लोक ओरडत होते, टाळ्या वाजवत होते.

“मग उद्या पुन्हा?” शेतकऱ्याने विचारलं. “एवढंच उघडायचं?”

नदीचं पाणी उद्या आणखी कमी होणार होतं, म्हणजे खाऱ्याला मागे रेटणारा जोरही कमी. फार नाही, जरासं. वारा मात्र पडेल असा अंदाज होता. बाहेर बाकीचे मासे होते.

“नाही,” मी म्हणाले. “उद्या बंद.”

त्याने ते मान्य केलं. बॉसनेही केलं, दारं चालवणाऱ्यानेही केलं. का, असं एकानेही विचारलं नाही. आणि ते ‘नाही’ गणिताचं होतं की भीतीचं, हे मला आजही सांगता येणार नाही.