गोळा, मोटर आणि लिंबू

आमच्या गावच्या तलावाकाठी पर्यटन स्थळ आहे. हसू नका, तशी पाटीच लागली आहे. पाटीवर वाघ, मोर आणि धबधबा काढलाय आणि तलावाकाठी यातलं काहीही नाही. एक कारंजं आहे, ते उद्घाटनाच्या दिवशी उडालं आणि तेवढ्या श्रमानं कायमचं थकलं. सिमेंटची बाकं आहेत, एक मोडकी घसरगुंडी आहे आणि शेजारी मोठं मोकळं मैदान आहे. सकाळी अर्धं गाव तिथं तब्येत कमवायला येतं आणि जाताना गेटवरच्या गाडीवर आलूबोंडे खाऊन कमावलेली तब्येत तिथंच ठेवून जातं.

मी एसटीत कंडक्टर आहे. पुसद, महागाव, उमरखेड या रस्त्यांवर उभ्यानं आयुष्य गेलं. ‘पुढे सरका’ म्हटल्यावर जो माणूस सरकत नाही, तो मला आता चेहऱ्यावरूनच कळतो. सकाळी त्या मैदानावर असे सगळे एकाच जागी पाहायला मिळतात.

मी तिथं जायचे ती मुलीसाठी. ती पोलीस भरतीची तयारी करत होती. धावण्यात तिला तोड नव्हती, पण गोळाफेकीत हात कमी पडायचा, म्हणून यवतमाळला गेले असताना मी तिला चार किलोचा लोखंडी गोळा आणून दिला. गावातल्या आणि तांड्यावरच्या आणखी काही मुली तिच्याबरोबर यायच्या. त्या सगळ्यांत मिळून गोळा हा एकच. आळीपाळीनं फेकायच्या, फडक्यानं पुसायच्या आणि एकमेकींच्या हातात असा द्यायच्या की जणू तान्हं मूल आहे.

मैदान एवढं मोठं, पण मुलींना जागा नव्हती. मधोमध क्रिकेट. कडेनं फिरणारी मंडळी. कडुनिंबाखाली सपाट, सावलीचा एक छान तुकडा होता, तिथं मॉर्निंग वॉक मंडळ हसण्याचा व्यायाम करायचं. दहा-बारा धडधाकट पुरुष हात वर करून ‘हा हा हा’ करायचे आणि मुली जवळ आल्या की हसू आवरून म्हणायचे, “ए पोरीहो, तिकडे जा ना. गोळा लागंन कोनाले!” ढकलत ढकलत मुली बाभळीच्या कोपऱ्यात पोचल्या होत्या. तिथं काटे होते आणि सकाळी लोक पाण्याचा डबा घेऊन बसायचे. मी एकदा मंडळाच्या अध्यक्षांना म्हटलं, “तुम्ही तिकडे जाऊन हसा की.” ते म्हणाले, “बाई, ऑक्सिजन इकडे आहे.”

त्या उन्हाळ्यात तलावातला गाळ काढून मैदानावर पसरला होता. पावसानं तो धुपला आणि एका सकाळी कडुनिंबाखालच्या त्या तुकड्यावर एक लोखंडी वस्तू वर आली. हातभर लांब, मांडीएवढी जाड, एका बाजूला निमुळती, गंजलेली, बुडाशी तांब्याचं कडं. अध्यक्ष पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी वस्तूवर बूट ठेवला, जरा विचार केल्यासारखं केलं आणि निकाल दिला. “बोअरची मोटर आहे. जुन्या कंपनीची. आता असा माल येत नाही.”

झालं. अध्यक्षांनी मोटर म्हटलं की मोटर. त्या दिवसापासून मंडळ तिच्यावर पाय ठेवून बुटाची नाडी बांधू लागलं. एकजण तिच्यावर टाच टेकवून पोटऱ्या ताणायचा. एकजण तर ती भंगारात घालायला घरी नेणार होता, उचलली नाही म्हणून राहिली.

माझ्या मुलीनं ती वस्तू एकदाच नीट पाहिली आणि मला लांब ओढून नेलं. आमच्या तांड्यात आईला याडी म्हणतात. “याडी, मोटरले केबल निघाले भोक राह्यते. याले कुठंच नाही. अन् तांब्याचं कडं कायले राहीन? मले तं हा तोफेचा गोळा वाटून राह्यला.”

मी अध्यक्षांना सांगायला गेले. ते हसले. व्यायामाचं नव्हे, खरंखुरं हसले. “बाई, गोळा गोल असते. म्हनून तं त्याले गोळा म्हनते.”

मग मुलीनं पोलिसांना फोन लावला. “तलावाच्या मैदानावर गोळा सापडला.” पलीकडून विचारणा झाली, “कोनाचा हरवला?” तिनं नीट समजावून सांगितलं की तोफेचा आहे, जिवंत असू शकतो, लवकर या. मग ती रस्ता दाखवायला गेटवर जाऊन उभी राहिली. हवालदार आणि त्याचा जोडीदार मोटरसायकलवरून आले, ते मागच्या बाजूनं, जिथं कुंपण मोडलंय तिथून. पोलिसांची गाडी पाहताच क्रिकेट थांबलं, हसणं थांबलं आणि माणसं गोळा झाली. बर्फाचा गोळा विकणारासुद्धा गाडी लोटत आला. त्याचा धंदा त्या सकाळी बरा झाला असणार.

हवालदारानं गर्दीला विचारलं, “गोळा कुठं आहे?”

गर्दीनं एकमुखानं बाभळीच्या कोपऱ्याकडे बोट केलं. तिथं मुलींनी चुन्यानं आखलेल्या वर्तुळात माझ्या मुलीचा गोळा ठेवलेला होता. हवालदारानं अध्यक्षांकडे पाहिलं. “हाच का?”

“हाच. रोज राह्यते इथं,” अध्यक्ष म्हणाले. खोटं बोलले असं मला म्हणता यायचं नाही.

मी ओरडत पुढं गेले, पण गर्दीत बाईच्या आवाजाला ‘मागं व्हा’ एवढंच उत्तर मिळतं. हवालदारानं शिट्टी मारून लोकांना हटवलं. कुठून तरी वाळूची बादली आली, ओलं पोतं आलं. त्यानं श्वास रोखून गोळा बादलीत ठेवला, बादली जोडीदाराच्या मांडीवर दिली आणि मोटरसायकलला किक मारली. आपण बॉम्ब नेतोय असं त्याला खरंच वाटत होतं आणि तरी तो खड्ड्याखड्ड्याच्या रस्त्यानं दुचाकीवरून नेत होता. कुणाची कीव करावी तेच मला कळेना.

तेवढ्यात मुलगी धावत आली. “साहेब, तो माझा गोळा आहे!”

हवालदारानं गाडी थांबवली आणि तिला खालून वरपर्यंत पाहिलं. “तुझा? कुठून आनला?”

“दुकानातून.”

“दुकानात गोळे भेटते?”

“फेकाचा गोळा आहे साहेब!”

“कोनावर फेकाचा?”

मी मध्ये पडले. म्हटलं, खरा तो तिकडे पडलाय, त्या माणसाच्या पायाखाली. हवालदारानं मान वळवून पाहिलं. एकजण त्यावर टाच ठेवून पोटरी ताणतच होता. “ते तं मोटर आहे,” हवालदार म्हणाला आणि गेला. मागच्या सीटवरचा जोडीदार बादलीकडे न पाहता आभाळाकडे पाहत होता.

आम्ही ठाण्यात गेलो. ठाणेदारांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “हे पाहा बाई, बॉम्बसदृश वस्तू जमा केल्याचं वर कळवलं आहे. जिल्ह्याहून पथक येईल, ते ठरवतील.” मी विचारलं, मैदानावर पडलाय त्याचं काय? ते म्हणाले, “एका फोनला एकच वस्तू असते.” तिकीट एकच काढून दोघं बसणारे मला रोज भेटतात. हा हिशेब मात्र नवीन होता.

म्हणजे पथक येईपर्यंत लोखंडी खेळणं ठाण्यात वाळूत, बंदोबस्तात राहणार आणि खरा तोफगोळा मैदानात बुटांखाली. मुलीनं त्याच्याभोवती चुन्याचं वर्तुळ आखलं, ‘धोका’ लिहिलेला पुठ्ठा लावला. सकाळी पुठ्ठ्यावर कुणीतरी बसलं होतं. ती हात जोडून एकेकाला सांगत होती आणि ते तिला म्हणत होते, “बाळा, तू अभ्यासाचं पाह्य.” हे लोक उडाले तर उडोत, असंही एकदा मनात आलं, पण ती त्यांना हटवायला रोज त्या वस्तूजवळ जात होती. उडाली असती तर आधी ती.

तेव्हा मी माझी अक्कल चालवली. घरून एक लिंबू घेतलं, मधोमध कापलं, कुंकू भरलं, चार टाचण्या टोचल्या, सोबत एक काळी चिंधी. भल्या पहाटे मंडळ यायच्या आधी चुन्याच्या वर्तुळाच्या काठावर ठेवून आले.

मुलगी माझ्यावर भडकली. “याडी, तू अंधश्रद्धा पसरवून राह्यली!”

“बॉम्ब पसरल्यापरीस बरी,” मी म्हटलं.

मंडळ आलं. पहिल्या माणसाला लिंबू दिसलं आणि तो जागच्या जागी थिजला. दुसऱ्यानं त्याची बाही धरून त्याला मागं ओढलं. अध्यक्ष पुढं आले, चष्मा वर करून पाहिलं आणि माझ्यादेखत दहा पावलं उलटे चालले. पाटबंधारे खात्यात सगळं आयुष्य काढलेला माणूस! “कोन्तरी करनी केली,” ते म्हणाले. “तिकडे कोनी जाऊ नका.” क्रिकेटवाल्यांनी खेळपट्टी पार दुसऱ्या टोकाला नेली. चेंडू तिकडे गेला तर आणायला कुणी जाईना, नवीन चेंडू काढायचे. मुलीनं इतके दिवस हात जोडून जे साधलं नाही, ते एका लिंबानं बिनबोभाट केलं. मला हसू येत होतं आणि त्याहून जास्त किळस येत होती.

पथक आलं. त्यांच्यातल्या प्रमुखानं ठाण्यातली बादली पाहिली, वाळूत हात घालून गोळा काढला आणि ठाणेदारांना विचारलं, “हा किती लांब जातो?” मग त्यानं फोन करणारी मुलगी कोण ते विचारलं. मैदानावर आल्यावर दुरूनच ती ‘मोटर’ पाहून त्याचा चेहरा बदलला. “सगळ्यांना इथून काढा. आत्ता.” चुन्याच्या वर्तुळाशी तो थबकला. “रिंगण कोणी आखलं?” मुलीनं हात वर केला. “आणि लिंबू?” मी आभाळाकडे पाहिलं.

त्या वस्तूला त्यांनी जपून नेलं आणि गावाबाहेरच्या पडीक खदानीत उडवलं. धमाका इतका मोठा झाला की आमच्या स्वयंपाकघरातली भांडी वाजली. ती इथं कशी आली, यावर मग गावात विद्वत्ता सुरू झाली. कुणी म्हणालं इंग्रजांची, कुणी म्हणालं निजामाची, कुणी म्हणालं भंगारवाल्यानं भिऊन तलावात टाकलेली. अध्यक्ष म्हणाले, “मले आधीच शंका आलती.” पेपरात त्यांचा फोटो आला, ‘जागरूक नागरिकांची सतर्कता’. फोटोत हवालदार होता, ठाणेदार होते. माझी मुलगी फोटो निघाला तेव्हा घरी वरवंटा फेकत होती.

कारण गोळा काही परत मिळाला नाही. पथकानं सांगितलं, देऊन टाका. ठाण्यात म्हणाले, मुद्देमाल म्हणून जमा झालाय, असा कसा देणार? उद्या या. उद्या गेलं की साहेब दौऱ्यावर. त्याच्या उद्या गेलं की चावी दुसऱ्याकडे. खरी गोष्ट एवढीच होती की गोळा परत देणं म्हणजे आपण खेळाचा गोळा बादलीत घालून आणला हे कबूल करणं. दर वेळी ‘उद्या नक्की’ म्हणायचे, म्हणून आम्ही दुसरा घेतला नाही आणि मुलगी अंगणात वरवंट्यावर सराव करत राहिली. वरवंटा लांबट, गोळा गोल. हाताला जी सवय लागायची ती लागली.

भरतीच्या मैदानावर ती सुसाट धावली. गोळा मात्र हातातून निसटल्यासारखा गेला आणि रेषेच्या अलीकडे पडला. पुढं तेवढ्याच गुणांनी तिचं नाव यादीत यायचं राहिलं. त्या दिवशी येताना माझ्याच गाडीत, कंडक्टरच्या सीटवर माझ्या शेजारी ती बसली होती. मी तिकिटं फाडत होते आणि मला रडू येत होतं. लोकांनी सुटे पैसे मागितले तर मी त्यांच्यावर खेकसत होते.

निकाल लागून गेल्यावर एका दुपारी हवालदार दारात उभा राहिला. हातात गोळा, छान तेल लावून पुसलेला. हसत म्हणाला, “घ्या बाई. निर्दोष निघाला.”

मी काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. मुलगी बाहेर आली, तिनं गोळा घेतला, तळहातावर तोलून पाहिला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे मैदानावर गेली. मागोमाग मीही गेले. क्रिकेट टोकाला चाललं होतं. मंडळ कारंज्यापाशी उन्हात ‘हा हा हा’ करत होतं. कडुनिंबाखालचा तो सपाट, सावलीचा तुकडा तसाच मोकळा होता. बॉम्ब जाऊन किती दिवस झाले होते, पण लिंबाची भीती तिथून हलली नव्हती.

आता सगळ्या मुली तिथंच सराव करतात. पुढच्या भरतीला अजून वेळ आहे. गोळा लागेल म्हणून कुणी ओरडत नाही, कारण तेवढ्या जवळ कुणी येतच नाही. लिंबू हल्ली महाग झालंय, तरी दर अमावास्येला मी एक नवीन ठेवून येते. चुन्याचं रिंगण मुलगी आखते, कुंकू मी भरते. आता ती भडकत नाही. परवा तर तिनंच विचारलं, “याडी, टाचण्या आनल्या का?”