वाक्य माझं, शाल त्याला

लढाई चालू होती तेव्हाची गोष्ट. ऊसतोडीची माणसं नुकतीच घरी परतली होती, त्यामुळे न्हाव्याच्या दुकानात गर्दी. टीव्हीवर टाय घातलेला एक पोरगा लई ओरडत होता, अजून मारा, अजून मारा. माझ्या गालाला साबण लागलेला. मी तसाच म्हणालो, "ह्याला आन ह्याच्या लेकराला फुडं उभं करा, मग बघू किती दिवस लढाई चालती." माणसं हसली. बाकड्यावर माझा चुलतभाऊ बसलेला. तो हसला नाही. तो हसला नाही म्हणजे त्यानं ऐकून ठेवलं.

तो टोळीचा मुकादम, मी कोयता चालवणारा. कारखान्यावर चुलीपाशी मी जे बोलायचो तेच तो सकाळी साहेबापुढं बोलायचा, आणि साहेब म्हणायचा, मुकादम हुशार आहे. सारा जन्म असाच गेला.

दुसऱ्या दिवशी त्यानं माझं वाक्य पारावर म्हटलं. कुणीतरी मोबाईलवर घेतलं आणि ते तालुकाभर फिरलं. देशाच्या विरोधात बोलला म्हणून पोलीस त्याला गाडीत घालून घेऊन गेले, संध्याकाळी सोडला. गाव घाबरलं. माझा मात्र जळफळाट झाला. गाडी माझ्या दारापुढून गेली आणि आत तो बसलेला.

बायको म्हणाली, "आवं, देवाचे उपकार माना. तुमच्यावर आलं असतं."

"येऊ द्यायचं व्हतं की."

"ठाण्यात बसवलं त्याचा बी हेवा वाटतो का तुमाला?"

त्या दिवशी मी जेवलो नाही.

मग बीडहून माणसं आली, दोन वकील आणि एक रिटायर झालेल्या मास्तरीणबाई. ते गावोगाव शांतता सभा घेत होते. लढाई असली तरी माणसाचा बोलायचा हक्क जात नाही, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटलं. पटलं नाही ते एवढंच, की मारुतीपुढं खुर्ची चुलतभावाला दिली. फेटा, शाल, नारळ, सगळं त्याला. मी सतरंजीवर, चपलांच्या शेजारी. बाई माईकवर ते वाक्य परत परत म्हणायच्या आणि दरवेळी त्याच्याकडं हात करायच्या.

मग त्याला बोलायला उभा केला. कडेला एक पोलीस मोबाईल धरून होता. चुलतभावाचा नातू पोलीस भरतीची तयारी करतो, घरावर केस झाली तर पोराचं गेलंच. तो पोलिसाकडं बघून म्हणाला, "ते माझं न्हाई. ऐकलेलं बोललो."

"कुणाचं?" पोलिसानं विचारलं.

तो हातातल्या नारळाकडं बघत राहिला. माझ्याकडं बघितलं नाही, एवढं खरं सांगितलं पाहिजे. बायांच्या घोळक्यातून माझी बायको मान हलवत होती, उठू नका. मी उठलो.

"माझं हाय ते. आन ह्यानं धड बी सांगितलं न्हाई. लेकराला बी फुडं उभं करा म्हनलतो मी, ते ह्यानं गाळलं."

माणसं पुन्हा हसली. पोलिसानं मोबाईल माझ्याकडं वळवला तशी गप्प झाली.

"आबा, उद्या ठाण्यात या."

"येतो की."

चुलतभाऊ शाल काढून माझ्या अंगावर घालायला आला. म्हणालो, "ऱ्हाऊ दे रं. कुणाच्या अंगावरची मी घेत न्हाई." बाई म्हणाल्या दुसरी आणू. अजून आणली नाही.

ठाण्यात एक वकील सोबत आला. जमादार समजुतीनं म्हणाला, "चुकून बोललो म्हणा आबा, मिटवून टाकू."

"चुकून न्हाई. शुद्धीत बोललो, तसं लिहा."

माझी शाळा दुसरीपर्यंतची, म्हणून वकिलाकडून सगळं वाचून घेतलं. त्यात लिहिलेलं, मी व चुलतभाऊ असे दोघे बोललो.

"त्याचं नाव काढा," मी म्हणालो. "त्याचा काय संबंध?"

जमादारानं वकिलाकडं बघितलं आणि नाव खोडलं. मग मी सही केली.

केस चालू आहे, तारखेला जातो. चुलतभाऊ पारावर बसून सांगतो, भावानं स्वतःवर घेतलं आणि मला वाचवलं. माणसं भोवती बसून ऐकतात, काहींच्या डोळ्यांत पाणी येतं. सांगतो चांगलं. माझ्याकडून मात्र कुणी ऐकून घेत नाही.