लाइट स्टँडचे पाय

मंडळी, आज हिवरखेडला माहितीपटाचं शूटिंग होतं. भुलाबाईची जुनी गाणी आता गावात एका आजींनाच पाठ आहेत. त्या देवघरात बसून गाणार होत्या.

मी लाइटचा स्टँड घेऊन उंबरठ्याशी आलो, तर आजींनी अडवलं.

"सकाळी गोठ्यात उभा होता ना हा? तुमी पाय धुतले, याचे कोनं धुतले?"

"आजी, लोखंड आहे ते."

"मंग लोखंडाले शेन लागत नाही का? तो असा आत आला तर मी गात नाही."

कॅमेरावाला हसला. मी अंगणात जाऊन स्टँडचे तिन्ही पाय धुतले, पुसले.

स्टँड आत आणल्यावर आजींनी आम्हाला लावलं तसं त्यालाही कुंकू लावलं आणि डोळे मिटून गायला लागल्या.

आता घरी आलोय, पण ते कुंकू पुसायला हात धजत नाही. तुमच्या कामाच्या वस्तूला कोणी असं पाहुण्यासारखं घरात घेतलंय का?