पाट पलंगाखाली का आहे

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, आपल्या घरी भाऊबीजेला पाट का मांडत नाहीत, नुसतं जेवण का असतं? सांगते. आईला विचारू नका. तिला आठवतं, पण ती सांगणार नाही.

आधी एक लक्षात ठेवा. जिला भाऊ नाही, ती त्या दिवशी चंद्राला ओवाळते.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. आम्ही पांडेसऱ्यात राहत होतो आणि तुमच्या आजोबांची धाकटी बहीण नवागामला. तिचा नवरा त्या पावसाळ्यात काविळीने गेला. तरी भाऊबीजेला ती करंज्यांचा डबा घेऊन आली. पाटाभोवती रांगोळी काढली, निरांजन लावलं. आजोबा टोपी घालून बसले. तेवढ्यात माझ्या सासूबाईंनी तिच्या हातातलं तबक काढून घेतलं.

“मोकळ्या कपाळाने माझ्या लेकाला ओवाळतेस? एक खाल्लास तेवढा पुरे.”

पोटच्या मुलीला म्हणाल्या हे.

“अहो आई, आता कोण मानतं असलं?” मी म्हटलं.

“तुझं इंग्रजी शाळेत शिकव.”

तबक त्यांनी तुमच्या आईच्या हातात दिलं. आदल्याच दिवशी, पाडव्याला, तिने वडिलांना ओवाळलं होतं. ती आत्याकडे बघत राहिली. आजोबांनी टोपी सारखी केली आणि म्हणाले, “ओवाळ बेटा, वात विझेल.”

एवढंच बोलले ते.

नणंदेने स्वयंपाकघरातून एका ताटलीत दिवा घेतला आणि गच्चीवर गेली. मी मागोमाग. मिलच्या धुराड्याशेजारी चंद्राची कोर होती. वर गुजराती शेजारणी बसल्या होत्या. तिला चंद्राला ओवाळताना बघून एकीने विचारलं, “चांदाने केम, बेन?”

“भाई नथी,” नणंद म्हणाली.

सासूबाई धापा टाकत जिना चढून आल्या होत्या. त्यांनी ते ऐकलं. “मना पोऱ्या जित्ता शे वं!” त्या अहिराणीत ओरडल्या.

“तुना पोऱ्या जित्ता शे, माय. मना भाऊ नही.”

पुढच्या दिवाळीच्या तोंडावर आजोबांच्या छातीत दुखलं. दवाखान्यातून ते बरे होऊन आले, पण सासूबाईंनी त्या चंद्राची धास्ती घेतली. जिवंत भावाला मेल्यात जमा केलं, त्याचंच हे फळ, असं त्यांच्या मनाने घेतलं. मला म्हणाल्या, “बोलव तिला. काळ बदललाय, ओवाळू दे.”

मी नवागामला गेले. नणंद मजुरीवर साडीला टिकल्या चिकटवत होती. हात न थांबवता तिने विचारलं, “आईला माझी आठवण झाली, की त्याची काळजी?”

मला खोटं बोलता आलं नाही.

“बरं वहिनी. येते म्हणून सांगा.”

सासूबाईंनी स्वतः रांगोळी काढली. आजोबा उन्हं कलल्यापासून पाटावर बसून राहिले. दारात पाऊल वाजलं की टोपी सारखी करायचे. बीजेचा चंद्र फार वेळ थांबत नाही. तो मावळला तेव्हा सासूबाई खिडकीतून मागे फिरल्या.

“आली नाही. ओवाळलं असेल तिने तिकडे चंद्राला,” त्या म्हणाल्या.

आजोबा उठले. पाट त्यांनी स्वतःच उचलला आणि पलंगाखाली सारला.