सकाळचा बीजगणिताचा वर्ग

सातवीचा निकाल लागला त्या संध्याकाळी माझ्या वडिलांनी, त्यांना आम्ही दादा म्हणायचो, मला अंगणात हाक मारली आणि विचारलं, "जालन्याला जायचं का शिकायला?"

मी म्हटलं, "हो." आणि मग विचारलं, "ऱ्हायचं कुठं?"

आधी होकार आणि मग प्रश्न, अशी मी होते. आई दारातूनच म्हणाली, "बघा, निघालीसुद्धा."

आमचं गाव टेंभुर्णीच्या जवळ. गावात शाळा सातवीपर्यंतच, आणि त्याच शाळेत दादा मास्तर. पुढं शिकायचं तर मुलं सायकलीवर टेंभुर्णीला जायची. मुली घरी बसायच्या. दादांना हे कधी पटलं नाही. बौद्ध धम्म घेतला तेव्हा ते ऐन पंचविशीत होते. "आपण इतकं सारं बदललं ते काय पोरीला चुलीपुढं बसवायला?" असं ते आईला म्हणायचे, जशी काही आई अडवून धरत होती. आईचं उत्तर ठरलेलं, "मी न्हाई म्हणले का? पाठवा की."

सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. जालन्यात एका खाजगी संस्थेची मुलींची शाळा होती. मागं लहानसं वसतिगृह. तिथल्या मुली मॅट्रिक होऊन थेट कॉलेजात जातात असा शाळेचा लौकिक होता. बाहेरगावच्या मुलींना आठवीत घ्यायचे, पण आधी लेखी परीक्षा, मग मोठ्या बाईंसमोर मुलाखत. दादांनी उन्हाळाभर माझी तयारी करून घेतली. गणित लवकर संपलं तेव्हा त्यांनी कुठून तरी आठवीचं बीजगणिताचं जुनं पुस्तक आणलं. त्यांनाही ते धड येत नव्हतं. लिंबाखाली खाट टाकून आम्ही दोघं मिळून शिकलो. अक्षरांची बेरीज होते, वजाबाकी होते, हे कळलं त्या दिवशी मी जेवायला उठेना. दादा म्हणाले, "सायन्सला जायचं तर हेच लागतं." सायन्स म्हणजे नेमकं काय ते मला ठाऊक नव्हतं. पण तिथं जायचं हे मात्र त्याच क्षणी पक्कं झालं.

परीक्षेच्या दिवशी सकाळच्या एसटीनं आम्ही जालन्याला पोचलो. दगडी इमारत, मध्ये मोठं पटांगण, आणि पटांगणभर मुली. एका जागी इतक्या मुली मी लग्नातसुद्धा पाहिल्या नव्हत्या. कुणी आईचा पदर धरून, कुणी भिंतीकडं तोंड करून पाढे घोकत. मी घाबरायला हवं होतं. पण मला तर जत्रेला आल्यासारखं वाटत होतं. निबंध लिहिला, गणितं सोडवली आणि मुलाखतीला आत गेले.

मोठ्या बाई पुण्याकडच्या होत्या. बारीक काठाची पांढरी साडी, जाड चष्मा, प्रत्येक शब्द स्वच्छ. दादा माझ्या मागं उभे राहिले.

"सुट्टीत काय वाचलंस?"

"बीजगणित."

बाईंनी दादांकडं पाहिलं. मला वाटलं, आता पुढचा प्रश्न मीच विचारावा. "बाई, इथं कितवीपासून हाय बीजगणित?"

"इथे बीजगणित-भूमिती नाही," बाई शांतपणे म्हणाल्या. "आमच्या मुली साधं गणित घेतात, आणि गृहशास्त्र."

"मंग तुमच्या मुली सायन्सला कशा जात्यात?"

"जात नाहीत. आर्ट्सला जातात."

"मंग मी इथं येऊन काय करू?"

मागं दादा खोकले. बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "बाळ," त्या म्हणाल्या, "तुला मी अजून घेतलेलं नाही." आणि मग त्यांना हसू आवरेना.

बाहेर पायऱ्यांवर एक उंच, सडपातळ मुलगी बसली होती. तिचे वडील कापसाच्या जिनिंगमध्ये मिस्त्री होते. घरी उर्दू, पण शाळा पहिल्यापासून मराठी. तिची मुलाखत माझ्या आधी झाली होती. "तू काय बोलली गं आत?" तिनं विचारलं. "बाई इतकी जोरात हसली, इधर तक ऐकू आलं."

मी सांगितलं. ती म्हणाली, "मला आवडता विषय विचारला. मी सांगितलं, मशीन. त्या बोलल्या, हा विषय न्हाई." तिथल्या तिथं आम्ही ठरवलं, घेतलं तर दोघींना घेतील, नाही तर दोघींना नाही. का तसं वाटलं कुणास ठाऊक, पण ठरलं.

दुपारी बाईंनी व्हरांड्यात उभं राहून नावं वाचली. माझं आलं. तिचं आलं. तिनं माझा हात इतका जोरात दाबला की बांगडी वाकली. गर्दी पांगल्यावर बाईंनी आम्हा दोघींना बोलावलं. "बीजगणित हवंय ना? यंत्रांनाही तेच लागतं. शिक्षक मी शोधते. मुली तुम्ही गोळा करा. दोघींसाठी वर्ग काढता येत नाही."

शाळा सुरू झाली आणि आम्ही मधल्या सुट्टीत डबा खायचं सोडून मुलींच्या मागं लागलो. बीजगणित म्हणजे काय हे कुणालाच माहीत नव्हतं. म्हणून मी पटांगणात काडीनं गणित लिहून दाखवायची, आणि मैत्रीण बाजारातल्या फेरीवाल्यासारखी ओरडायची, "या या, अक्षरांची वजाबाकी बघा!" मुली जमायच्या. काहींना खरंच गोडी लागली, काही नुसत्या आमच्या उत्साहाला भुलून हो म्हणाल्या.

बाईंनी शिक्षकही शोधला. मुलांच्या हायस्कुलातले एक तरुण सर, आपली शाळा भरायच्या आधी सकाळी येऊन शिकवायला तयार झाले. आणि इथंच गाडी अडली. आमच्या शाळेत शिपायाखेरीज पुरुष माणूस नव्हता. पुरुष मास्तर शिकवणार हे कळताच हो म्हणालेल्या मुली एकेक करून गळायला लागल्या. मैत्रिणीचे अब्बा तर एका शब्दात मोकळे झाले, "बिलकुल नहीं."

एका रविवारी मोठ्या बाई आम्हाला घेऊन तिच्या घरी गेल्या. हेडमास्तरीणबाई दारात आलेल्या पाहून अब्बा गडबडले. खुर्ची पुसली, चहा मागवला. बाई बराच वेळ जिनिंगचं, पावसाचं बोलल्या. मग म्हणाल्या, "तुमची मुलगी हुशार आहे. तिला यंत्रं आवडतात, हे तुमच्याकडूनच आलं असणार."

अब्बा नुसते हसले. "बाई, तुमचं बराबर आहे. लेकिन बिरादरीत लोक काय म्हणतील? जवान मास्टर."

आतल्या खोलीच्या पडद्याआडून आवाज आला, "मैं बैठती ना जाके उनके साथ."

ती मैत्रिणीची खाला, तिच्या आईची धाकटी बहीण. नवरा गेल्यावर इथंच राहायची आणि शिंप्यांच्या सदऱ्यांना काजं-बटणं करायची. ती पडद्याबाहेर आली, हातात सुईदोरा तसाच. "काजं घर में बैठके करी क्या, इस्कूल में बैठके करी क्या? उजाला उधर जास्त है."

अब्बांनी तिच्याकडं पाहिलं, बाईंकडं पाहिलं, आणि शेवटी आपल्या मुलीकडं. "ठीक है," ते म्हणाले. रस्त्याला लागल्यावर बाईंसमोरच आम्ही दोघींनी उड्या मारल्या. बाई म्हणाल्या, "पुरे," पण त्याही भराभर चालत होत्या.

खाला वर्गात बसणार ही बातमी पसरली तशा गळालेल्या मुली परत आल्या. सकाळी लवकर वर्ग भरायचा. वसतिगृहातून मी अंघोळ उरकून ओल्या केसांनी पळत यायची. खाला आधीच शेवटच्या बाकावर खिडकीशी बसलेली असायची, मांडीवर सदऱ्यांचा ढीग.

सर मात्र आमच्यापेक्षा लाजाळू निघाले. खाली मान घालून आत यायचे, फळ्याकडं तोंड करून शिकवायचे आणि फळ्याकडं तोंड करूनच "समजलं?" विचारायचे. महिनाभर आम्ही त्यांची पाठ आणि खडूनं पांढरा झालेला सदरा एवढंच पाहिलं. पण शिकवायचे सुरेख. त्यांच्या अक्षराच्या मागं मागं आमचे डोळे धावायचे. एका सकाळी ते कंस सोडवत होते. कंसाबाहेर उणे, आत दोन पदं. त्यांनी पहिल्याचं चिन्ह बदललं, दुसऱ्याचं तसंच ठेवलं आणि पुढं निघाले. चूक माझी की त्यांची? मी परत पाहिलं. मैत्रिणीनं मला कोपरानं ढोसलं, म्हणजे तिलाही दिसलं होतं. आम्ही दोघी एकदमच ओरडलो, "सर, चिन्ह चुकलं!"

सर वळले. पहिल्यांदा. आम्हाला दिसलं की त्यांना बारीक मिशी आहे. ते आमच्याकडं, मग फळ्याकडं, मग पुन्हा आमच्याकडं पाहत राहिले, आणि त्यांचा चेहरा असा फुलला की आम्हीच गोंधळलो. "शाब्बास," ते म्हणाले. "या इकडं, दुरुस्त करा." त्या दिवसापासून त्यांनी आमच्याकडं तोंड करून शिकवलं, आणि फळा आमच्या ताब्यात आला.

दिवाळीनंतर संस्थेकडं कुणीतरी तक्रार केली. मुलींच्या शाळेत पुरुष शिकवतो, सकाळी दार लावून वर्ग चालतो, अशी. दार लावायचो आम्ही थंडीमुळं. एके दिवशी संस्थेचे अध्यक्ष न सांगता आले. कापसाचे मोठे व्यापारी, धोतर, काळी टोपी. त्या वेळी आत काय चाललं होतं? मी आणि मैत्रीण भांडत होतो. दोन बाजू सारख्या असलेल्या त्रिकोणाचे पायाजवळचे कोन सारखे असतात, हे सिद्ध करायचं होतं. मी म्हणत होते, वरचा कोन दुभागणारी रेषा काढायची. ती म्हणत होती, पायाचा मध्य काढून तो शिरोबिंदूला जोडायचा. दोघींच्या हातात खडू, दोघी फळ्याशी, आणि मागं दोन तट पडून सगळा वर्ग ओरडत होता. सर बाजूला हाताची घडी घालून मजेत उभे.

दार उघडलं. अध्यक्ष आणि त्यांच्या मागं मोठ्या बाई.

"हा गोंधळ कसला?" अध्यक्ष म्हणाले.

"भूमिती चालली आहे," बाई म्हणाल्या.

मुली पटापट बाकांवर बसल्या. मला वाटलं, संपलं सगळं. तेवढ्यात मागून खालाचा आवाज आला. तिनं बाकावरचे सदरे उचलून जागा केली होती. "आओ सेठ, इधर बैठो. मगर बोलना नहीं, लडकियों का ध्यान जाता."

आणि अध्यक्ष बसले! लहानशा बाकावर, धोतर सावरत, काजं-बटणांच्या ढिगाशेजारी. सरांनी मान डोलावली. "चला, पुढं. आधी कोण?"

खडू फळ्याला लागला आणि भीती कुठल्या कुठं गेली. मी माझी सिद्धता मांडली. मग मैत्रिणीनं तिची मांडली. तिची बरोबर ठरली. माझीही बरोबर ठरली. सर म्हणाले, "एका गावाला दोन वाटा असू शकतात. दोघी पोचल्या." वर्गानं टाळ्या वाजवल्या. अध्यक्ष आहेत हे कुणाच्या ध्यानातच राहिलं नाही.

तास सुटल्यावर ते उठले. दारात थांबून त्यांनी सरांना विचारलं, "हे पोरींनी स्वतः काढलं?"

"हो."

"चालू द्या," ते बाईंना म्हणाले. "पण दार उघडं ठेवत जा."

दार उघडं राहिलं, थंडीत आम्ही कुडकुडलो, आणि त्यातून भलतंच निघालं. पाचवी-सहावीच्या मुली लवकर येऊन दाराशी दाटी करायला लागल्या. चिन्ह चुकलं की बाहेरूनच हाकाटी व्हायची. पुढल्या जूनमध्ये प्रवेशाच्या वेळी बाईंनी पालकांशी बोलायला आम्हा दोघींना व्हरांड्यात उभं केलं. केदारखेड्याचा एक शेतकरी मुलीला घेऊन आला होता. त्यानं आम्हाला दबक्या आवाजात विचारलं, "ते अवघड गणित माझ्या पोरीला मिळंल का?" आम्ही दोघी एकदमच बोललो, "मिळंल की!" आणि त्याच्या मुलीला धरून थेट फळ्याशी नेलं.

चौथ्या वर्षी मॅट्रिकचा निकाल लागला. आमच्या वर्गातली एकही मुलगी गणितात नापास झाली नाही. सर पेढे घेऊन आले, ते त्यांनी आधी खालाच्या हातात दिले. आम्ही दोघींनी सायन्सला अर्ज केला. कॉलेजच्या कचेरीत अब्बा आणि दादा शेजारी शेजारी उभे होते. दोघांनी इस्त्रीचे कपडे घातलेले, आणि दोघं आमच्यापेक्षा जास्त घाबरलेले. आतून बोलावणं आलं तेव्हा अब्बांनी आम्हाला पुढं केलं. "जाओ, जल्दी," ते म्हणाले, "काय विचारतील ते तुम्हालाच येतं."

आम्ही आत गेलो. दोघींनाही प्रवेश मिळाला.