शेपटीवाल्याचं भारमान

हरणाऱ्या बाजूला माझ्या धाकट्या मामांइतका निष्ठावंत माणूस उभ्या रत्नागिरीत सापडायचा नाही. निवडणुकीत ते ज्याच्या मागे उभे राहतील त्याचं डिपॉझिट गेलंच म्हणून समजावं. हापूसच्या गावात राहून रायवळ आंब्याची बाजू घेऊन भांडतात, तेही हापूसच्या बागायतदाराच्या पडवीत बसून, त्याचाच चहा पीत.

पण त्यांचा खरा जीव अडकलाय तो एका ब्राउझरमध्ये. इंटरनेट उघडायला साऱ्या जगाने तो रंगीत चकतीवाला ब्राउझर जवळ केला, तरी मामांकडे आपला नारिंगी कोल्ह्याच्या चित्राचा, शेपटीवालाच. कुठल्या ब्राउझरकडे किती लोक राहिले, याचे आकडे ते दर महिन्याला शोधून काढतात आणि मामींना ऐकवतात. "शेपटीवाला पुन्हा उतरला गो," असं त्यांनी म्हणावं आणि मामींनी, "उतरू दे, तुमचा चहा निवतोय," म्हणून आत जावं.

हे वेड स्टँडवरचं. मामा जन्मभर बस स्टँडवर कंट्रोलर होते. गाडी किती भरते त्याला त्यांच्यात भारमान म्हणतात. भारमान नाही म्हणून त्यांच्याच गावची संध्याकाळची गाडी बंद झाली, आणि ते जाहीर करायची पाळी भोंग्यावर बसलेल्या मामांवरच आली. त्याआधी कितीतरी दिवस, तेव्हा बिऱ्हाड शहरात असूनही, ड्युटी संपली की ते काही काम नसताना त्या गाडीत बसून गावाला जाऊन येत. "रिकाम्या सीटा दिसल्या की वरचे लोक गाडी काढतात रे. ह्याचंही तसंच व्हायचं," मामा मला म्हणाले. शेपटीवाला बंद पडेल ही धास्ती त्यांना खरोखरच आहे, त्यात थट्टा नाही.

गेल्या शिमग्यात तर कहर झाला. पालखी मामांच्या अंगणात आली. गुरव गाऱ्हाणं घालायला उभा राहिला. कुणाची नोकरी, कुणाचं लग्न, असं एकेक तो देवापुढे मांडत होता आणि सगळी वाडी "व्हय म्हाराजा" म्हणत होती. मामा पुढे झाले आणि त्याच्या कानाला लागले. गुरवही पक्का. सूर न मोडता म्हणाला, "बा देवा म्हाराजा, ह्या तुझ्या लेकराचा जो काय शेपटीवाला ब्राउझर हाय, त्येचं भारमान वाढव, त्येची गाडी बंद पाडू नको रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," वाडी एकमुखाने म्हणाली आणि ढोल वाजला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मामा दारोदार. "काल देवासमोर व्हय म्हणालास ना? मग आण इकडे मोबाईल." देवापुढचा शब्द मोडायची कुणाची टाप? दुपारच्या जेवणापर्यंत घराघरात शेपटीवाला बसला. गुरवाने हुज्जत घालून पाहिली, "मी गाऱ्हाणं घातलं, व्हय कुठं म्हटलं?" मामा म्हणाले, "म्हणजे देवाकडे मनापासून नाही मागितलंस?" त्यानेही मुकाट्याने मोबाईल पुढे केला.

पुढच्या महिन्यात आकडे आले. शेपटीवाला आणखी खाली. मी म्हटलं, "मामा, आपली वाडी ती केवढी, जग केवढं."

"ते कळतं रे मला. पण माझ्यामागे ह्यात कोण राहणार?"

"मी आहे की."

"तू नोकरीला पुण्याला पोचलास की सोडशील," ते हसत म्हणाले, पण माझ्याकडे न बघता.

आता मी पुण्यात आहे. ऑफिसात चकतीवालाच लागतो, घरी मात्र रोज सकाळी शेपटीवाला उघडून बातम्या वाचतो. वाडीत दिवाळीला नवे मोबाईल आले आणि मंडळी हळूहळू गळाली. देवही कुणावर कोपला नाही. मामा हल्ली आकडे सांगत नाहीत, आणि ते सांगत नाहीत याचंच मला फार वाईट वाटतं. परवा फोनवर इकडचं तिकडचं बोलून झालं, तरी ते ठेवेनात.

"आहेस ना रे अजून?" शेवटी त्यांनी विचारलं.

"आहे, मामा."

"मग दोघं तरी आहोत," ते म्हणाले, आणि फोन मामींकडे दिला.