छत्तीस फोटोंचा कोरा रोल

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला का सांगतेय – माहीत नाही.

मी हैदराबादेत तारनाक्याला राहते आणि फिल्मवर फोटो काढते. फ्लॅश नाही, दिवे नाहीत, असेल तो उजेड. याचा मला भारी तोरा. माझी मैत्रीण वैदेही जुन्या इरकली लुगड्यांतून जॅकेटं, झगे शिवते. तिचे पहिलेच कपडे प्रदर्शनाला निघाले होते, आणि त्यांचे फोटो मी काढणार होते. लोक हजार फोटो काढतात, मला एक रोल पुरतो – असं मीच ऐटीत म्हटलं होतं.

सकाळचं कोवळं ऊन, गच्ची. दहाव्या फोटोला माझं लक्ष गेलं – रोल पुढे सरकताना कॅमेऱ्याची डावी चकती फिरायला हवी, ती फिरतच नव्हती. म्हणजे घाईत मी फिल्म नीट अडकवलीच नव्हती. एकही फोटो निघाला नव्हता. तेव्हाच थांबता आलं असतं ना? ऊन होतं, कपडे होते, ते घालून दाखवणारी मुलगी नटून उभी होती. पण वैदेही कौतुकाने बघत होती – आणि पुढचे सव्वीस फोटो मी नुसते नाटक म्हणून काढले. ‘हनुवटी जरा वर’ असंही म्हणत होते. लाज वाटते.

मग तो रोल काचीगुड्याच्या रहीमचाचांकडे धुवायला दिला. कोरा आहे हे माहीत असून. का? तो त्यांच्या हातून कोरा निघावा म्हणून – दुसरं काय?

आणायला वैदेही बरोबर होती. चाचांनी पट्टी उजेडात धरली. धुताना बिघडली असती तर कडेचे आकडेही उमटले नसते, आणि ते तर स्वच्छ दिसत होते. जन्मभर रोल धुणाऱ्याला हे कळत नाही? त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

“मेरे हाताँ सेच बिगड़ा बेटा, माफ करो,” ते वैदेहीला म्हणाले.

मी पट्टी गुंडाळून पिशवीत टाकली.

वैदेही चिडली. तिने आमच्या फोटोवाल्यांच्या ग्रुपवर लिहिलं, आणि मी – मी खाली ‘हो, माझाच रोल’ असं टाकलं. हळूहळू चाचांकडे रोल येणं बंद झालं. आता ते झेरॉक्स काढतात.

त्या यंत्राला जागा करताना त्यांनी धुलाईचे डबे मलाच बोलावून दिले. “तुम कदर करते,” म्हणाले. मी डबे घेतले आणि रिक्षात बसले.

आता मी रोल घरीच धुते. तेव्हापासून माझा एकही रोल वाया गेला नाही, असं वैदेही सगळ्यांना सांगते. मी ऐकून घेते.